उभ्या इमारतींचे भविष्य

मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या, इमारतींची 1969 च्या कायद्यानुसार वर्गवारी झाली तेव्हा एकूण आकडा निघाला 19,642. त्यांतल्या 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 च्या आधी बांधलेल्या होत्या. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, लालबाग, माझगाव, डोंगरी, अशी त्यांची वस्ती. काही पावसाळ्यात कोसळल्या, काहींच्या जागी टॉवर आले. तरीही त्यांतल्या हजारो आजही उभ्या आहेत, त्यांचे लाकडी जिने रोज झिजत आहेत आणि त्यांत कुटुंबे नांदत आहेत. आता यांच्या जोडीला ठाणे, डोंबिवली, पिंपरी, नाशिक, कोल्हापूर इथल्या तीन-चार मजली काँक्रीटच्या सोसायट्या धरा, ज्या 1970 आणि 80 च्या दशकांत उभ्या राहिल्या आणि आता पन्नाशीला टेकल्या आहेत. येत्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या बांधकाम व्यवसायापुढचे सर्वांत मोठे काम कोणते, याचे उत्तर मला या उभ्या इमारतींत दिसते.

आपल्याकडे मात्र ही दोन खाती वेगळी ठेवण्याची रीत आहे. नवे बांधकाम म्हणजे उद्योग, त्यात पैसा, रोजगार, प्रगती. जुन्या वास्तूचे पुनरुज्जीवन म्हणजे संस्कृतीप्रेमींचा विषय, त्यासाठी देणग्या, व्याख्याने, वारसा फेऱ्या. बिल्डर आणि संवर्धक एकमेकांना भेटतात ते बहुधा कोर्टात. स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीत विद्यार्थी चार वर्षे नव्या तुळया-खांबांची गणिते सोडवतो. शंभर वर्षे उभी असलेली भिंत तपासायची कशी, हे त्याला कोणी शिकवत नाही. ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो, कारण पुढच्या पानांत ही दोन्ही खाती एका वहीत मांडली आहेत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दुरुस्ती हाच पुढच्या पिढीच्या बांधकामाचा मुख्य धंदा होणार आहे आणि त्या धंद्यासाठी लागणारे ज्ञान, हात आणि दरपत्रक यांपैकी एकही गोष्ट आज आपल्याकडे पुरेशी तयार नाही. जुन्या वास्तूंवर काम करणाऱ्यांनी हे ज्ञान थोडेफार जपले आहे. ते साऱ्या व्यवसायाच्या उपयोगाचे आहे.

सुरुवात चुन्यापासून करतो, कारण इथे सगळा प्रश्न मुळाशी दिसतो. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळी पाण्यात टाकली की फसफसते, तापते आणि विरते. हा विरलेला चुना जितका मुरेल तितका चांगला, म्हणून पूर्वी बांधकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी चुन्याचे हौद भरून ठेवत. मग वाळूबरोबर बैलाने फिरवायच्या घाणीत तो मळायचा आणि भिंतीत घालायचा. तिथे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेत वर्षानुवर्षे कडक होत जातो. भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली तर तो ओल्या जागीही धरतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी अशी भर प्रांतोप्रांती निरनिराळी. शेवटचा हात निरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा, घोटून घोटून आरशासारखा केलेला.

या साऱ्यातून तयार होणारा मसाला विटेपेक्षा मऊ असतो, आणि तोच त्याचा गुण आहे. भिंत थोडी हलली तर मसाला ती हालचाल सोसतो, वीट फुटत नाही. पाऊस भिंतीत शिरतो, पण उन्हाळ्यात दरजांतून आणि गिलाव्यातून बाहेरही पडतो. मसाला झिजला तर दरजा खरवडून पुन्हा भरता येतात. वीट किंवा दगड तसाच राहतो.

इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात सिमेंटचे मोठे उत्पादन 1914 मध्ये पोरबंदरला सुरू झाले. काही तासांत धरणारा, कोणत्याही हंगामात चालणारा, गोणीत भरून कुठेही नेता येणारा हा माल आला आणि चुन्याच्या भट्ट्या एकेक करत थंडावल्या. यात सिमेंटची चूक नाही. धरणे, पूल, इस्पितळे त्यावर उभी आहेत. घोटाळा झाला तो जुन्या भिंतींवर तेच सिमेंट थापल्यामुळे. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की पहिली दोन वर्षे ती देखणी दिसते. मग आतली ओल कोंडते, तिच्याबरोबर क्षार वर चढतात, विटांचे तोंड भुगा होऊन गळू लागते. बाहेरचा गिलावा शाबूत असतो आणि त्याच्यामागे भिंत पोकळ झालेली असते. हाताने ठोकले की बद्द आवाज येतो.

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत याचा सर्वांत मोठा फटका लाकडाला बसला. सागवानी तुळईचे मधले अंग दीडशे वर्षांनीही खणखणीत असते. कुजते ते तिचे टोक, भिंतीत गेलेले. अशा ठिकाणी जाणता सुतार आधी टोकापासून वीतभर अंतरावर हातोडीने हलके ठोकतो, मग आणखी आत, मग आणखी आत, आणि आवाज कुठे बदलतो तिथे खडूने खूण करतो. त्यानंतर गिरमिट लावतो आणि बाहेर येणारा भुसा तळहातावर घेऊन पाहतो. पिवळसर, कोरडा, कुरकुरीत भुसा आला तर लाकूड जिवंत. काळपट, ओलसर भुकटी आली तर तेवढा भाग गेला. बहुतेक वेळा गेलेला भाग हात-दीड हाताचा असतो. तुळईला खालून धिरे देऊन भार उचलायचा, कुजका तुकडा कापायचा, तितक्याच जुन्या आणि वाळलेल्या सागाचा नवा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा, न गंजणाऱ्या पोलादाच्या पट्ट्यांनी आवळायचा आणि टोकाभोवती भिंतीत वारा खेळेल एवढी जागा ठेवून चुन्यात बसवायचे. काम चार दिवसांचे असते. हे न करता अख्खी तुळई बदलायचा, किंवा सरळ वाडाच उतरवायचा सल्ला दिला जातो. तो देणाऱ्याच्या मनात दर वेळी लबाडी असते असे नाही. पुष्कळदा त्याला हे चार दिवसांचे काम माहीतच नसते.

गोव्यात याच्या उलट चूक झाली. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेचे बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. तिच्या जांभ्याच्या भिंतींवर साडेतीनशे वर्षे चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या पुनर्स्थापनेच्या कामात तो खरवडून काढला गेला, उद्देश हा की वास्तू अधिक प्राचीन दिसावी. आज तिची लालसर, उघडी भिंत हीच तिची ओळख बनली आहे आणि पर्यटकांच्या छायाचित्रांत तीच दिसते. पण जांभा सच्छिद्र दगड आहे. कोकणातला कोणताही घरमालक सांगेल की त्याला पावसापासून आडोसा हवा. उघड्या भिंतींवर सत्तर पावसाळे गेले आणि दगड झिजतो आहे. पुन्हा गिलावा करावा की नाही यावर तिथे वाद आहे. मला गिलावा करावा असे वाटते, कारण बांधणाऱ्यांनी तो नक्षीसाठी केलेला नव्हता, तो भिंतीचाच भाग होता. जुनेपणाचे रूप जपण्याच्या नादात जुनी वस्तूच झिजवणे, हा संवर्धनाच्या नावाखाली होणारा सर्वांत दुःखद प्रकार आहे.

आता किल्लारीकडे येतो. जुन्या बांधकामाबद्दल महाराष्ट्राच्या मनात जी भीती बसली, तिचे मूळ तिथे आहे, आणि ती भीती खोटी नव्हती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे झोपेत गाडली गेली. सुमारे 8,000 जीव गेले. दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड दगडी भिंती, आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. माळवद गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. असे करत करत डोक्यावर कित्येक टन माती साचलेली. भिंती जाड होत्या, पण एकसंध नव्हत्या. आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये गोटे आणि माती भरलेली, आणि दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड घातलेलेच नव्हते. हादरा बसला तसे पदर एकमेकांपासून सुटले.

लोकांनी यातून जो धडा घेतला तो समजण्यासारखा आहे: दगड-माती म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जीव. पण मोडलेल्या घरांची पाहणी करणाऱ्यांना आणखीही काही दिसले. ज्या घरांत खणांचा लाकडी सांगाडा नीट जोडलेला होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती बाहेर पडल्या तरी खण उभे राहिले होते. म्हणजे दोष दगडात नव्हता. तो जोडणीत, वजनात आणि मोडलेल्या रीतीत होता. पूर्वीचा गवंडी आरपार दगड घालत असे. तो नियम कधीतरी सुटला. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात अभियंत्यांनी उपाय सुचवले ते अगदी साधे: छतावरची माती कमी करा, भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून काँक्रीटचे जोडदगड घाला, घराभोवती पट्टा बांधा, लाकडी सांध्यांना तिरपे आधार द्या. पूर्ण पडलेली 52 गावे दुसरीकडे वसवली गेली. ज्यांची घरे उभी होती त्यांना बळकटीकरणासाठी अनुदान मिळाले. त्यांतल्या पुष्कळांनी काय केले? जुने घर होते तसेच ठेवले आणि अनुदानातून शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली उभारली.

मला या गोष्टीचा विचार नेहमी करावासा वाटतो. त्या माणसांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही, त्यांनी आपली माणसे त्या भिंतींखाली गमावली होती. पण तंत्र उपलब्ध होते, पैसा उपलब्ध होता, तरी जुन्या घराच्या बळकटीकरणावर विश्वास बसला नाही. विश्वास का बसला नाही, तर गावातल्या गवंड्याला ते काम येत नव्हते, आणि बाहेरून आलेला अभियंता निघून जाणार होता. ज्या कामाचा जाणकार गावात राहत नाही, त्या कामावर लोक आपला जीव टांगणीला लावत नाहीत. पुनर्वसनाच्या कोणत्याही योजनेत हीच गोष्ट आधी यायला हवी असे मी मानतो.

शहरात प्रश्न पैशाच्या रूपात पुढे येतो. मुंबईत 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. स्वातंत्र्याच्या वेळी निर्वासित आणि गिरणी कामगार यांना संरक्षण देण्यासाठी ते आवश्यक होते, हे विसरून चालणार नाही. पण पन्नास वर्षांनीही तीच भाडी राहिली, तेव्हा मालकाने दुरुस्ती थांबवली आणि भाडेकरूने पागडी भरलेली असल्यामुळे तोही घर सोडेना. 1999 च्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली, ती मूळ नाममात्र भाड्यावर. इमारत दोघांच्याही हातून सुटली. त्याआधीच 1969 च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आणले होते, आणि दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा होती. त्या मर्यादेत होते ते बहुधा टेकू देणे आणि लोखंडी गर्डर घालून गॅलरी तोलून धरणे. पाडून बांधले तर मात्र वाढीव चटई क्षेत्र मिळते, त्यातून भाडेकरूला फुकट मोठे घर, बिल्डरला विक्रीच्या सदनिका. जिच्यावर आणखी मजले चढवायला वाव आहे ती इमारत पाडण्यात सर्वांचा फायदा, आणि दुरुस्त करण्यात कोणाचाच नाही, अशी ही मांडणी आहे. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली केली, देशात हे पहिलेच पाऊल होते, आणि वारसा इमारतींच्या मालकांना हस्तांतरणीय विकासहक्काची सोयही ठेवली. पण यादीबाहेरची साधी, भली, शंभर वर्षांची चाळ या सगळ्याच्या बाहेर राहिली.

आणि यादीत असलेलीही वाचतेच असे नाही. काळाघोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, आजची एस्प्लनेड मॅन्शन, 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून इथे जोडून उभारले गेले. भारतात ल्युमिएर बंधूंचा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो इथेच, 1896 मध्ये. सुट्या भागांची, कारखान्यात बनवून जागेवर जोडण्याची जी पद्धत आज बांधकामाचे भविष्य म्हणून सांगितली जाते, ती दीडशे वर्षांपूर्वी इथे उभी होती. 2005 मध्ये तिचा एक भाग कोसळला, 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या तपासणीत ती पाडावी असा निष्कर्ष निघाला. संवर्धन क्षेत्रातल्या जाणकारांचे मत वेगळे होते. इमारत तिथवर पोचायला अनेक दशकांची हेळसांड लागली, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

त्याच शहरात भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालयही आहे. 1872 मध्ये लोकांसाठी खुले झालेले, नंतर अडगळ बनलेले. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी 2003 मध्ये करार केला, वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी संवर्धनाचे काम पाहिले. 2005 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, 2008 मध्ये ते पुन्हा उघडले. सोनेरी वर्खाचे छत आणि रंगवलेले लोखंडी खांब पाहून लोक थक्क होतात. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की महापालिकेच्या मालकीच्या इमारतीत, सार्वजनिक शिस्तीत राहूनही उत्तम काम होऊ शकते, हे तिथे सिद्ध झाले.

काँक्रीटचा मुद्दा मी मुद्दाम नंतर घेतला, कारण जुनी इमारत म्हटले की दगड आणि लाकूडच डोळ्यांपुढे येते. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेच्या 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्या काँक्रीटच्या आहेत. काँक्रीटमधली सळई तिच्याभोवतीच्या अल्कधर्मी वातावरणामुळे सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरला की ते संरक्षण संपते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने ते आणखी लवकर संपते. सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असते, तो फुगून काँक्रीटचे पापुद्रे उडवतो. घराच्या छतातून पोपडा पडला की सोसायटीच्या सभेत जे घाबरे चेहरे दिसतात, त्यामागे ही रासायनिक क्रिया असते. यावर उपाय आहेत. कमकुवत भाग फोडून सळई साफ करणे, गंजविरोधी लेप, विशेष मसाला, गरज पडेल तिथे खांबाला जॅकेट. पण उपाय ठरवण्याआधी कारण शोधावे लागते. ओल कुठून येते, गच्चीचा ब्रिकबॅट कोबा फुटला आहे का, कोणी न्हाणीघराची जागा बदलली आहे का. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे आणि त्यातून सी-1 ते सी-3 अशी वर्गवारी होते. सी-1 म्हणजे पाडा. पुनर्विकासाची घाई असलेल्या सोसायटीत एक अहवाल सी-1 म्हणतो, विरोध असलेल्यांनी आणलेला दुसरा सी-2, म्हणजे दुरुस्ती शक्य, म्हणतो, आणि प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. इमारतीची तब्येत तिच्या जमिनीच्या भावावरून ठरू लागली, तर त्या तपासणीला काही अर्थ उरत नाही.

आजच्या नव्या इमारतींचे काय, हाही प्रश्न याच पुस्तकाचा आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात, साइटवर ज्याला मायवान म्हणतात त्या पद्धतीने, भिंती आणि स्लॅब एकत्र ओतल्या जातात. कामाचा वेग विलक्षण. पण प्रत्येक भिंत भार वाहणारी असते आणि वीज-पाण्याच्या नळ्याही बऱ्याच ठिकाणी तिच्याच पोटात. चाळीस वर्षांनी त्या नळ्या बदलायच्या झाल्या तर? कुटुंबाला दोन खोल्या एक करायच्या झाल्या तर? वाड्यातली मधली भिंत काढता येत असे, कारण भार खांबांवर होता. ही सोय आराखड्यात पुन्हा आणणे अवघड नाही. ती मागणारा ग्राहक आणि सुचवणारा अभियंता हवा.

कार्बनचा हिशेब थोडक्यात मांडतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. उभी इमारत पाडली की तिच्यात आधीच खर्च झालेली ऊर्जा राडारोड्यात जाते आणि तेवढीच पुन्हा खर्च करावी लागते. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारे नवे सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींच्या संशोधकांनी मिळून विकसित केले, त्याला 2023 मध्ये भारतीय मानकही मिळाले. हे फार चांगले आहे. तरी न ओतलेल्या काँक्रीटइतके कमी उत्सर्जन कोणत्याही काँक्रीटचे नाही.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात 1960 च्या दशकातल्या गृहसंकुलाच्या तीन इमारती पाडण्याऐवजी लाकातों आणि व्हासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह त्यांना बाहेरून नवा पदर जोडला. 530 घरांना रुंद, काचेच्या, उन्हाच्या खोल्या मिळाल्या, आणि काम चालू असताना भाडेकरू आपापल्या घरातच राहिले. या दोघांना 2021 चा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या 160 चौरस फुटांच्या खोलीत चार पिढ्या काढलेल्या माणसाला मोठे घर हवेच, आणि पुनर्विकासात त्याला ते मिळते आहे याचा मला आनंद आहे. पण तिथेही बाहेरून खोली जोडण्याचा पर्याय कधी कागदावर गंभीरपणे मांडला गेला असता, तर निदान दोन आकडे शेजारी ठेवून निवड करता आली असती.

तंत्रज्ञानाचा प्रश्न निघतोच. बेंगळुरूत 2023 मध्ये थ्रीडी छपाईने 1,021 चौरस फुटांचे टपाल कार्यालय उभे राहिले. माझ्या मते यंत्रांचा खरा उपयोग उभ्या इमारतींत होणार आहे. लेझर स्कॅनरने वाड्याचा चौक अर्ध्या दिवसात मिलिमीटरपर्यंत मोजता येतो, तेच पूर्वी टेप आणि ओळंबा घेऊन आठवडाभराचे काम होते. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला 15 एप्रिल 2019 ला आग लागली, तेव्हा आधी केलेली लेझर मोजमापे हाताशी होती, त्यांचा फार उपयोग झाला. पण छताचा लाकडी सांगाडा पुन्हा उभारताना सुतारांनी ओकची खोडे कुऱ्हाडीने तासली, कारण मूळ तुळया तशाच तासलेल्या होत्या आणि फ्रान्समध्ये ते काम येणारे तरुण सुतार शिल्लक होते. डिसेंबर 2024 मध्ये ते पुन्हा उघडले. स्कॅनर विकत मिळतो. कुऱ्हाड चालवणारे हात मिळायला एक पिढी आधी कोणीतरी त्यांना शिकवलेले असावे लागते.

आपल्याकडचे हात कुठे आहेत? वडार आणि बेलदार समाजातली मुले आज शहराच्या मजूर नाक्यावर सकाळी उभी असतात आणि दिवसाच्या बोलीवर कोणत्याही साइटवर जातात. आजोबा टाकीने काळ्या पाषाणावर रेघ सरळ मारत. नातू सेंटरिंगच्या फळ्या उचलतो, कारण पैसे त्याचेच मिळतात. याचे कारण दरपत्रकात आहे. सरकारी काम दरसूचीतल्या बाबींवर चालते, आणि चुन्याच्या कामाच्या बाबी तिथे तुटपुंज्या. अंदाजपत्रक करणारा अभियंता सोयीसाठी सिमेंटचीच बाब घालतो, कारण वेगळा दर लावला तर लेखापरीक्षणात उत्तर त्याला द्यावे लागते. मग निविदा, आणि निविदेत सर्वांत कमी दराचा कंत्राटदार. ज्याने भट्टीची कळी आणली, ती हौदात मुरवली, घाणी लावली, त्याचा दर कमी कसा असेल?

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी वाटेल अशी आहे. दरसूचीत चुन्याच्या गिलाव्याच्या, दरजा भरण्याच्या, लाकडी सांध्याच्या, दगड बदलण्याच्या बाबी सविस्तर याव्यात आणि त्यांत मुरण्याचे दिवस धरलेले असावेत. संवर्धनाच्या निविदेत कारागिराचे नमुनाकाम आधी पाहावे, दर नंतर उघडावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकामाचा अभ्यासक्रम आहेच, त्यात शेवटचे काही महिने एखाद्या चालू दुरुस्तीच्या साइटवर, जुन्या कारागिराच्या हाताखाली काढायला लावावेत आणि त्या कारागिराला शिक्षक म्हणून मानधन द्यावे, शिक्षणाचा दाखला न मागता. महाराष्ट्रात साठीपुढचे असे गवंडी, पाथरवट आणि सुतार अजून आहेत. वाई, पैठण, कोल्हापूर, सावंतवाडी या भागांत विचारत गेलात तर सापडतात. पुढच्या प्रकरणांत चुन्याची प्रमाणे, सांध्यांची रेखाचित्रे आणि काँक्रीट तपासणीच्या पद्धती दिल्या आहेत. त्यांतले गिरमिटाचे प्रकरण आधी वाचा आणि मग आपल्याच इमारतीच्या जिन्याखालची एखादी तुळई ठोकून पाहा.